तीन आठवडे उलटले, आता विषाणू कुठे असेल?

साताऱ्याकडच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा सात वर्षांचा. गल्लीतल्या पिल्लाशी खेळताना पिल्लाने मनगटावर दात लावला, दोन ठिकाणी कातडी फाटली, रक्ताचा थेंब आला. घरी हात नळाखाली धरला, शेजारच्या आजींनी हळद-चुना लावला. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं आणि रेबीजचं इंजेक्शन झालं, तीन दिवसांनी रेबीजचं दुसरं झालं. सातव्या दिवसाचं मात्र गावच्या जत्रेच्या गडबडीत राहून गेलं. जखमेत टोचायचं सिरम दिलंच नाही, ‘किरकोळ आहे’ म्हणाले. पिल्लू आठवडाभर दिसत होतं, नंतर कुठे गेलं कुणाला माहीत नाही. आज चोवीस दिवस झाले. सासूबाईंचं म्हणणं, पंधरवडा उलटला, आता काही होत नाही. मुलगा अधूनमधून ती जागा खाजवतो. ताईंना विचारायचंय की रक्त तपासून खात्री करता येईल का, आणि उशीर झालाय का.

ताई, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. उशीर झालेला नाही, पण आता आणखी एकही दिवस घालवू नका. उद्या सकाळी केंद्रात जाऊन राहिलेला तिसरा डोस घ्या. सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. जिथे थांबलात तिथून पुढे जायचं आणि डोसांमधलं अंतर मूळ वेळापत्रकाइतकंच ठेवायचं. म्हणजे चौथा डोस त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी. रक्ताच्या तपासणीचे पैसे वाचवा. आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगून हेही सांगा की पंधरवड्याचा हिशेब या रोगाला लागू पडत नाही. चावा आणि लक्षणं यांच्यात बहुतेकदा एक ते तीन महिने जातात. कधी आठवड्या-दोन आठवड्यांत सुरुवात होते, क्वचित वर्ष उलटल्यावरही.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, त्या तुमच्या डॉक्टरांनी समोर बघायच्या आहेत. इंजेक्शनं कातडीत दिली की स्नायूत? सरकारी केंद्रात बहुधा कातडीत देतात, दोन्ही दंडांवर ०.१ मिली, आणि तिथे क्षणभर संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा उठतो. तो उठला नसेल तर औषध खोल गेलं असण्याची शक्यता असते. मुलाला स्टेरॉइड, कॅन्सरची औषधं किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा दुसरा आजार आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते पिल्लू शेवटचं नेमकं कोणत्या दिवशी, कुणी, कोणत्या अवस्थेत पाहिलं? यावर पुढे येतो.

तुमचा खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो. बाहेरून सगळं शांत असताना आत काय चाललंय, हे कळत नाही, त्याची ही भीती आहे. मी सरकारी रुग्णालयात बरीच वर्षं कुत्रा चावल्याच्या ओपीडीतही बसलो आणि संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डातही. ओपीडीतले निम्मे प्रश्न हेच असतात. विषाणू कुठे जातो हे एकदा कळलं की बाकीचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप समजतात.

रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो आणि त्याच्याकडे फक्त पाच प्रथिनांची सामग्री असते. त्यातलं एक बाहेरच्या आवरणावर काट्यांसारखं उभं असतं, त्याला जी प्रथिन म्हणतात. आवरण स्निग्ध पदार्थाचं असतं. शरीराबाहेर हा विषाणू दुबळा. ऊन, कोरडेपणा, साबण यांपुढे तो टिकत नाही, आणि अखंड कातडीतून आत शिरता येत नाही. त्याला दात लागतो, किंवा आधीची जखम, किंवा डोळ्या-तोंडाची ओली त्वचा.

दातातून लाळ आत गेली की तो रक्तात शिरून अंगभर पसरत नाही. इथेच लोकांची समजूत चुकते, कारण आपल्याला सापाच्या विषाची सवय आहे. हा चाव्याच्या जागीच, जवळच्या स्नायूंत राहतो. तिथे थोडाफार वाढतो, काही वेळा नुसता पडून असतो. स्नायूला मज्जातंतू जिथे येऊन मिळतो त्या सांध्यावर, मेंदूचा निरोप स्नायूला पोचवणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. विषाणूचं जी प्रथिन त्या ग्राहकांना जाऊन चिकटतं. गंमत अशी की मण्यारीच्या कुळातल्या सापांच्या विषातला एक घटक नेमका याच ग्राहकांवर बसतो आणि जी प्रथिनाचा एक तुकडा त्या विषाशी रचनेत जुळतो. साप तिथे बसून निरोप तोडतो. विषाणू तिथून दार उघडून आत जातो.

एकदा मज्जातंतूच्या आत शिरला की त्याला स्वतः काही करावं लागत नाही. प्रत्येक मज्जापेशीच्या लांबलचक तंतूत टोकाकडून पेशीच्या मुख्य भागाकडे माल वाहून नेणारी यंत्रणा कायम चालू असते. विषाणू तिच्यावर स्वार होतो. प्रयोगांत हा वेग दिवसाला साधारण पाच ते दहा सेंटिमीटर मोजला गेला आहे. आता तुमच्या मुलाचा हिशेब करा. मनगटापासून पाठीच्या कण्यापर्यंत अंतर जेमतेम अर्धा मीटर. नुसत्या प्रवासाला आठवडा-दहा दिवस पुरले असते. मग प्रत्यक्षात महिना-दोन महिने का लागतात? कारण बराचसा वेळ प्रवासात जातच नाही, तो जखमेपाशी, मज्जातंतूत शिरण्याआधी जातो. हीच आपल्याला मिळालेली सवलत आहे. आपले सगळे उपचार या थांब्यावर विषाणूला गाठण्यासाठी आहेत. मज्जातंतूत शिरल्यावर रक्तातल्या प्रतिपिंडांना, म्हणजे जंतूला ओळखून अडवणाऱ्या प्रथिनांना, तो सहज सापडत नाही.

चेहरा, मान, हाताची बोटं इथल्या चाव्यांना आम्ही जास्त घाबरतो त्याचंही कारण हेच. अंतर कमी हा एक भाग, पण या जागी मज्जातंतूंची टोकं दाट असतात, त्यामुळे थांबा फार लवकर संपू शकतो. पिंढरीला चावलेला माणूस आणि ओठाला चावलेलं लहान मूल एकाच दिवशी आले तर मी मुलाकडे आधी बघतो, रांग कितीही लांब असली तरी. मनगट या दोन्हींच्या मधलं.

आता नियमांकडे येऊ. पहिला, साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. घड्याळ लावून बघा, पंधरा मिनिटं फार मोठी वाटतात. नळाखाली हात धरला म्हणजे बहुतेक लोकांचं मिनिटभर होतं. साबण त्या स्निग्ध आवरणाला फोडतो, पाणी लाळ वाहून नेतं. फुकटातला, घरातला आणि फार परिणामकारक उपाय हाच, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष यालाच. हळद, चुना, मिरची, तेल, चहापत्ती, तंबाखू असं काहीही लावू नका. जखम आणखी भाजते, चोळली जाते आणि विषाणूला जिथे जायचं असतं तिथेच तो आत ढकलला जातो. तुमच्या शेजारच्या आजींचा हेतू चांगला होता, पण लावलेला चुना धुवून काढायलाच आमच्या नर्सेसचा वेळ जातो. टाकेही शक्यतो घालत नाहीत, कारण सुई प्रत्येक टाक्यागणिक लाळ खोल नेते आणि मज्जातंतूंना नव्याने उघडं करते. घालावेच लागले तर आधी सिरम भरून, थोडा वेळ जाऊ देऊन, सैल घालतात.

दुसरा नियम सिरमचा, आणि तुमच्या बाबतीत इथेच चूक झाली असं मला वाटतं. कातडी फुटून रक्त आलं असेल तर तो तिसऱ्या श्रेणीचा संपर्क. दात मोठे की छोटे, जखम एक इंच की एक मिलिमीटर, याने श्रेणी बदलत नाही. नुसता ओरखडा, रक्त नाही, ती दुसरी श्रेणी, तिथे लस पुरते. अखंड कातडीवर चाटलं, अंगावरून हात फिरवला, ती पहिली, तिथे धुण्यापलीकडे काही लागत नाही. तिसऱ्या श्रेणीत लस आणि सिरम दोन्ही लागतात. लसीने शरीर स्वतःची प्रतिपिंडं तयार करायला घेतं, पण त्याला सात ते चौदा दिवस लागतात. त्या मोकळ्या दिवसांत जखमेतल्या विषाणूला अडवणारं कुणी नसतं. सिरम म्हणजे तयार प्रतिपिंडं, म्हणून ती जखमेत आणि जखमेभोवतीच टोचायची. कमरेत सुई देऊन उपयोग नाही. विषाणू मनगटात आहे, कमरेत नाही. घोड्याच्या रक्तापासून केलेलं सिरम वजनाच्या प्रत्येक किलोला ४० युनिट, माणसाच्या रक्तापासून केलेलं २० युनिट. अलीकडे प्रयोगशाळेत तयार केलेली एकाच प्रकारची प्रतिपिंडंही मिळतात, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं त्यातलं एक औषध आपल्याकडे वापरात आहे.

मग आता सिरम घ्यायचं का? नाही. लसीचा पहिला डोस झाल्यावर सात दिवसांच्या आत ते द्यायचं असतं. त्यानंतर शरीराचं स्वतःचं उत्पादन सुरू झालेलं असतं, बाहेरून दिलेली प्रतिपिंडं त्यात भर घालण्याऐवजी अडथळा आणू शकतात. तुमच्या मुलाला पहिले दोन डोस वेळेवर मिळाले आहेत. म्हणजे त्याच्या शरीराने कामाला सुरुवात केलेली असणार, आणि तुम्हाला मी ‘उशीर झालेला नाही’ असं म्हणालो त्याचा मोठा आधार हा आहे. तिसरा आणि चौथा डोस ते काम पक्कं करतात. डॉक्टरांना शंका वाटली, किंवा प्रतिकारशक्तीचा काही प्रश्न असला, तर रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी मोजता येते. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारांच्या संस्थेत ही तपासणी होते आणि ०.५ युनिट प्रति मिलिलिटर ही पुरेशी पातळी धरतात. पण प्रत्येक मुलाला याची गरज नसते.

ही तपासणी आणि तुम्ही विचारलेली तपासणी यांत फरक आहे. तुम्हाला हवंय ते ‘विषाणू आहे का’ याचं उत्तर. ते आत्ता कुठलीच प्रयोगशाळा देऊ शकत नाही. विषाणू रक्तात नाही, त्यामुळे रक्तात सापडणार नाही. स्नायूत आणि तंतूत तो इतका गुपचूप असतो की शरीरालाही पत्ता लागत नाही. लस न घेतलेल्या माणसात लक्षणं दिसेपर्यंत प्रतिपिंडंही तयार होत नाहीत. निदान होतं ते लक्षणं आल्यावर, लाळेतून, मानेमागच्या केसांच्या मुळांजवळच्या कातडीच्या तुकड्यातून, पाठीच्या पाण्यातून. तेव्हा निदानाचा रुग्णाला काही उपयोग उरलेला नसतो. ‘सर्व तपासण्या नॉर्मल’ असा खासगी लॅबचा कागद घेऊन निर्धास्त झालेले आणि लस अर्धवट सोडलेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

पिल्लाचा मुद्दा. ‘एवढंसं पिल्लू, त्याला कुठला रेबीज’ हे वाक्य मी सोडून द्या म्हणेन. आईच्या किंवा गल्लीतल्या दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्यातून पिल्लाला होतो, आणि पिल्लांशी मुलं जास्त खेळतात, ओरखडे घरी सांगत नाहीत. कुत्र्याच्या मेंदूत विषाणू वाढला की तो उलट्या दिशेने मज्जातंतूंवाटे बाहेर पडतो आणि लाळग्रंथीत पोचतो. लाळेत तो आला की कुत्रा थोड्याच दिवसांत आजारी दिसतो आणि मरतो. दहा दिवस लक्ष ठेवण्याचा नियम इथून आला. चावला त्या दिवशी लाळेत विषाणू असता, तर दहा दिवसांनंतर तो कुत्रा धडधाकट दिसलाच नसता. म्हणून विचारतोय, शेवटचं कधी पाहिलं? ‘आठवडाभर दिसत होतं’ हे पुरेसं नाही. अकराव्या दिवशी किंवा त्यानंतर कुणी ते पिल्लू खात-पीत, खेळत असताना पाहिलं असेल आणि तेच पिल्लू होतं याची खात्री असेल, तर त्या चाव्यातून रेबीज होणं शक्य नाही आणि तुम्ही शांत झोपा. सातव्या-आठव्या दिवसापर्यंतच दिसलं असेल तर उलट काळजी घ्यायला हवी, कारण न दिसण्याचं कारण आजारही असू शकतं. पिसाळलेला कुत्रा म्हणजे लाळ गाळत धावणारा, एवढंच डोक्यात असतं. काही कुत्रे गप्प होतात, अंधाऱ्या कोपऱ्यात, गाडीखाली जाऊन बसतात, खालचा जबडा लोंबतो, आवाज बदलतो. हा नियम कुत्र्या-मांजरांनाच लागू. माकड, मुंगूस, कोल्हा, लांडगा यांच्यावर दहा दिवस नजर ठेवून काही ठरवता येत नाही. आणि कुत्र्यावर नजर ठेवायची ती लस चालू ठेवून, लस थांबवून नव्हे.

लक्षणं सुरू झाल्यावर काय होतं, हे लिहू की नको असा विचार केला. लिहितो, कारण अर्धवट ऐकीव माहितीने जास्त भीती वाटते.

विषाणू पाठीच्या कण्याजवळच्या मज्जापेशींच्या गाठीत पोचतो तेव्हा बऱ्याच रुग्णांना भरलेल्या जखमेच्या जागी मुंग्या, खाज, जळजळ, वेदना सुरू होतात. सोबत ताप, अस्वस्थता, झोप नाही. तिथून मेंदूपर्यंत फार वेळ लागत नाही. मेंदूत तो विशेषतः मेंदूच्या देठात आणि भावनांशी निगडित भागांत वाढतो. १९०३ साली अडेल्की नेग्री या इटालियन डॉक्टरांनी मेंदूच्या पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली गोलसर ठिपके पाहिले, त्यांना आजही नेग्री बॉडीज म्हणतात. नवल असं की एवढ्या भयंकर रोगात मृत्यूनंतर मेंदू पाहिला तर तोडफोड त्या मानाने कमी दिसते. पेशी जाग्यावर असतात, त्यांचं काम बिघडलेलं असतं. विषाणूचंच एक प्रथिन पेशीची धोक्याची घंटा बंद ठेवतं, आणि रक्त व मेंदू यांच्यामधला पडदा बंद राहतो, त्यामुळे संरक्षक पेशी आत पोचेपर्यंत फार उशीर होतो.

पाण्याची भीती हे लक्षण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. वॉर्डात ते असं दिसतं. रुग्णाला तहान खरोखर लागलेली असते. तो स्वतः पेला मागतो, हातात घेतो. पेला ओठांजवळ येताच मान मागे झटकली जाते, मानेचे स्नायू ताठ उठून दिसतात, श्वास तुकड्या-तुकड्याने आत ओढला जातो, पाणी सांडतं. नंतर नुसतं पाणी पाहून, त्याचा आवाज ऐकूनही तेच होतं. केसपेपरने तोंडावर हलका वारा घातला तरी घसा आवळतो; पंखा बंद करा म्हणून रुग्ण हात जोडतो. श्वासनलिकेत काही जाऊ नये म्हणून आपल्या मेंदूच्या देठात एक संरक्षक प्रतिक्रिया असते, तिच्यावरचा लगाम सुटलेला असतो. घसा आवळल्यामुळे आवाज घोगरा, तुटक येतो, त्यालाच लोक ‘कुत्र्यासारखा भुंकतो’ म्हणतात. आणि या झटक्यांच्या मधल्या वेळात माणूस पूर्ण शुद्धीत असतो, घरच्यांना ओळखतो, शेताचं, पोराच्या शाळेचं बोलतो. नातेवाइकांना हेच समजत नाही, एवढं नीट बोलणारा माणूस वाचणार नाही असं डॉक्टर का म्हणतात.

साधारण पाचातल्या एका रुग्णात हे काहीच नसतं. चावलेल्या हातापायापासून लुळेपणा सुरू होतो, वर चढत जातो, आणि हातपाय लुळे पाडणाऱ्या गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराशी गफलत होते. कुत्रा चावल्याचं कुणी विचारलंच नाही तर निदान हुकतं. दोन्हींचा शेवट एकच, काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत. जगभरात लक्षणांनंतर वाचलेल्यांच्या नोंदी फारच थोड्या आहेत, त्यातल्या बहुतेकांनी आधी लसीचे काही डोस घेतले होते आणि अनेकांना कायमचं अपंगत्व आलं. २००४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वटवाघूळ चावलेली एक शाळकरी मुलगी लस न घेता, औषधांनी दीर्घ बेशुद्धीत ठेवून वाचली. तो प्रयोग पुढे बऱ्याच ठिकाणी झाला, पण तसं यश फारसं कुठे मिळालं नाही. आम्ही आज अशा रुग्णाला शांत, मंद उजेडाची खोली, वेदना आणि भीती कमी करणारी भरपूर औषधं आणि घरच्यांचा हात एवढंच देतो. घरच्यांना जवळ बसू द्यायला हरकत नसते. माणसाकडून माणसाला रेबीज झाल्याची प्रयोगशाळेत सिद्ध झालेली उदाहरणं अवयव किंवा बुबुळाच्या रोपणातली आहेत. लाळ डोळ्यात-जखमेत जाणार नाही एवढी काळजी घ्यायची, संपर्क आलाच असेल तर लस घ्यायची.

म्हणजे इकडे मृत्यू जवळजवळ अटळ आणि तिकडे वेळेवर उपचार झाले तर बचावही जवळजवळ खात्रीचा. दोन्हींचं कारण तोच थांबा. जगात फार कमी रोगांत जंतू शिरल्यानंतर लस देऊन चालतं. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ ला नऊ वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली तेव्हा कुत्रा चावून दोन दिवस झाले होते. विषाणू त्यांना दिसलेला नव्हता, पण चावा आणि आजार यांत मोठी फट असते एवढं ठाऊक होतं, आणि त्या फटीत ते शिरले. आपल्याकडे १९११ मध्ये हिमाचलातल्या कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस आणली, ती म्हणजे बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं. ती २००४ च्या अखेरीस बंद झाली. तरी आजही आजोबा ओपीडीत नातवाच्या पोटावर हात ठेवूनच येतात. आताची लस दंडात, लहान मुलांना मांडीत. पथ्य काही नाही. अंडी, मटण, वांगं, आंघोळ सगळं चालतं.

खेड्यात एक प्रकार हमखास होतो, म्हणून सांगून टाकतो. म्हैस पिसाळून मेली की तिचं दूध प्यालेलं, वाढदिवसाची बासुंदी खाल्लेलं अख्खं गाव टेंपोने दवाखान्यात येतं आणि केंद्रातली लस एका दिवसात संपते. उकळलेल्या दुधाने रेबीज होत नाही, त्यासाठी लस लागत नाही. लागते ती त्या म्हशीच्या तोंडात हात घालून औषध पाजणाऱ्याला. आणि घरातल्या उंदराने कुरतडलं तरी सहसा लागत नाही.

खाजेचं राहिलं. तुम्ही लिहिलंय की मुलगा जागा खाजवतो, बाकी खेळतो, जेवतो, शाळेत जातो. भरत आलेली जखम तीन-चार आठवडे खाजते, त्यात चुन्याने कातडी भाजलेली. मला यात भीतीचं कारण दिसत नाही. खाज वर दंडाकडे सरकतेय, मुंग्या येताहेत, ताप आहे, मूल विनाकारण घाबरतंय, असं काही झालं तर मात्र फोनवर सल्ला न घेता थेट जिल्हा रुग्णालय गाठा. आणि दर तासाला पेलाभर पाणी देऊन मुलाच्या तोंडाकडे बघत बसू नका. बऱ्याच आया हे करतात. मूल चार दिवसांत पाण्याला खरंच घाबरायला लागतं, ते आईच्या चेहऱ्याकडे पाहून.

उद्या जाताना लसीचं कार्ड न्या, हरवलं असेल तर केंद्राच्या रजिस्टरात तारखा सापडतात. चारही डोस झाले की ते कार्ड जन्मदाखल्याजवळ ठेवा, कारण पुढे कधी पुन्हा चावलं तर दोनच डोस लागतील, चावल्याच्या दिवशी आणि तीन दिवसांनी, आणि सिरम लागणार नाही.

एक गोष्ट आज संध्याकाळीच करा. त्या पिल्लाशी गल्लीतली आणखी तीन-चार मुलं खेळायची असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या घरी जाऊन विचारा, दात किंवा नख लागलं होतं का. मुलांना एकेकट्याने विचारा, रागावणार नाही असं आधी सांगून, नाहीतर खरं बाहेर येत नाही. पिल्लू शेवटचं कधी दिसलं तेही कदाचित त्यांच्याकडूनच कळेल, मोठ्यांचं अशा गोष्टींकडे लक्ष नसतं. कुणाला रक्त आलं असेल आणि काहीच घेतलेलं नसेल, तर त्यांच्यासाठी चोवीस दिवस झाले म्हणून सगळं संपलं असं अजिबात नाही. सिरमचे सात दिवस लसीच्या पहिल्या डोसापासून मोजतात, चाव्यापासून नव्हे. म्हणजे त्या मुलाला उद्या लस आणि सिरम दोन्ही देता येतील. प्राथमिक केंद्रात सिरम नसलं तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात असतं. निघण्याआधी तिथे फोन करून विचारून घ्या, म्हणजे दोन खेपा होणार नाहीत.